आधी खबर, मग शिपाई

नर्मदेच्या खोऱ्यातील नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार १८२२ मध्ये तिशी ओलांडलेल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडे आला. त्याला फारसी व हिंदुस्थानी उत्तम येत असे. तो घोड्यावरून गावोगाव फिरे, शेतकऱ्यांशी बोले, तक्रारी स्वतः ऐके. जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी ती आपल्या कानावर आल्याशिवाय राहत नाही, अशी त्याची खात्री होती. काही वर्षांनी ही खात्री पार धुळीला मिळाली. त्याच्या कचेरीपासून अवघ्या ४०० यार्डांवर असलेल्या कंदेली गावात वाटसरूंचे गळे आवळणाऱ्या ठगांची एक टोळी राहत होती. सागरच्या रस्त्यावर एका मजलेच्या अंतरावर असलेली मंडेसुरची आमराई तर अशा हत्यांसाठी दूरदूरच्या ठगांत प्रसिद्ध होती. हिंदुस्थानातील आणि दख्खनमधील टोळ्या तेथे एकत्र येत असत. जिल्ह्याच्या प्रमुखाला यातले काहीही ठाऊक नव्हते.

या अधिकाऱ्याचे नाव विल्यम हेन्री स्लीमन. पुढे ठगांचा कर्दनकाळ म्हणून तो इतिहासात गाजला. त्याच्या कामगिरीच्या कथा बहुधा रुमालाचा फास, कालीमातेची पूजा आणि फाशीचे दोर यांभोवतीच फिरतात. तथापि पोलिसी कारभाराच्या दृष्टीने त्याचे खरे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. सशस्त्र शिपाई पाठविण्यापूर्वी माहिती गोळा करावी, ती पारखून घ्यावी, लिहून ठेवावी आणि नेमक्या माणसापर्यंत पोहोचवावी, ही शिस्त या देशात मोठ्या प्रमाणावर त्याने प्रथम राबविली. ती पारख सैल झाली की काय घडते, याचा धडाही त्याच्याच चरित्रात सापडतो.

स्लीमनचा जन्म ८ ऑगस्ट १७८८ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील स्ट्रॅटन येथे झाला. वडील अबकारी खात्यात होते. १८०९ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात दाखल झाला आणि १८१४ ते १८१६ च्या नेपाळ युद्धात लढला. मराठेशाहीच्या अस्तानंतर सागर व नर्मदा प्रदेश कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा १८२० मध्ये त्याची तेथे मुलकी कामावर नेमणूक झाली. तो वृत्तीने जिज्ञासू होता. जबलपूरजवळच्या टेकडीवर १८२८ मध्ये त्याला काही अश्मीभूत हाडे सापडली. ती डायनोसॉरची असल्याचे पुढे निष्पन्न झाले. आशिया खंडात मिळालेले डायनोसॉरचे ते पहिले अवशेष मानले जातात. जमिनीखाली काय दडले आहे, हे शोधण्याचा योग त्याच्या आयुष्यात पुन्हा यायचा होता. मात्र ती हाडे माणसांची असणार होती.

ठगांची कार्यपद्धती पाहिली म्हणजे नरसिंहपूरचा अधिकारी अंधारात का राहिला, हे समजते. टोळ्यांतील अनेकजण वर्षातील काही महिने शेती करीत, गावात अब्रूने राहत. पावसाळा सरला, दसरा झाला की ते घराबाहेर पडत आणि आपल्या गावापासून दूर जाऊन वाटसरूंची शिकार करीत. यात्रेकरू, व्यापारी वा साधे प्रवासी असल्याचे भासवून ते वाटेत लोकांशी मैत्री जोडत. मारला जाणारा माणूस परमुलखातला, मारणारेही परमुलखातले, आणि प्रेत तत्काळ जमिनीत गाडले जाई. रजेवर घरी निघालेला शिपाई पोहोचला नाही तर पलटणीत तो पळून गेल्याची नोंद होई. घरच्यांना मात्र त्याला रजाच मिळाली नसावी असे वाटे. प्रेत नाही, फिर्याद नाही, साक्षीदार नाही, आणि म्हणून गुन्हाही नाही, अशी ती स्थिती होती.

या टोळ्यांच्या कामाची आखणी कंपनीच्या पोलिसांपेक्षा सरस होती. वाटसरूला बोलण्यात गुंतवून तो कोठून आला, कोठे निघाला, जवळ काय आहे आणि घरी त्याची वाट कोण पाहत आहे, हे काढून घेणारा तो सोथा. गळा आवळणारा भुरटोट. खड्डे खणून प्रेते पुरणारा लुघा. पुढे जाऊन टेहळणी करणारे वेगळेच. पुरेशी माहिती हाती आल्याशिवाय आणि जागा निश्चित झाल्याशिवाय इशारा दिला जात नसे. मुंबई आणि सुरतेहून इंदूरकडे सराफांची रोकड घेऊन जाणाऱ्या लोकांवर खानदेशाच्या वाटेवर त्यांचा विशेष डोळा असे.

स्लीमनच्या आधी या टोळ्यांविरुद्ध काही झालेच नव्हते, असे नाही. इटावा जिल्ह्यातील विहिरींत सापडणाऱ्या प्रेतांमुळे १८०९ पासूनच अधिकारी सावध झाले होते. रजेवर जाणाऱ्या शिपायांनी अनोळखी सोबत टाळावी, असे इशारेही लष्कराने दिले होते. १८१२ मध्ये चंबळ-सिंध भागातील सिंदौस परगण्यात चौकशीसाठी शिरलेल्या तुकडीतील लेफ्टनंट मॉन्सेल मारला गेला. त्यावर तरुण अधिकारी हालहेड याच्या नेतृत्वाखाली फौज धाडण्यात आली. ठगांचे आश्रयस्थान असलेले मुरनी गाव उद्ध्वस्त झाले आणि मोहीम फत्ते झाल्याचे समाधान मानले गेले. परंतु त्या गावात नेमके कोण राहते, त्यांतील ठग कोण, त्यांचे नातेवाईक व आश्रयदाते कोठे आहेत, याची यादी कोणाकडेही नव्हती. परिणामी जे निसटले ते बुंदेलखंड, माळवा आणि इतर संस्थानांत पांगले. एका परगण्यातला रोग अनेक परगण्यांत पसरला. खबरीवाचून केलेल्या बळाच्या वापराचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण त्या काळात शोधून सापडणार नाही.

जबलपूरला आल्यावर स्लीमनने ही चूक टाळायचे ठरविले. पकडलेल्या ठगांना तत्काळ फासावर देण्याऐवजी त्यांतील काहींना त्याने माफीचे साक्षीदार केले. ही माफी पूर्ण नव्हती. फाशी व काळे पाणी टळे, परंतु तुरुंगवास कायम राही. आपण केलेले आणि पाहिलेले सर्व गुन्हे सांगणे त्यांना बंधनकारक असे. एखादी गोष्ट लपविली वा खोटी सांगितल्याचे उघड झाले की मिळालेले अभय संपुष्टात येई. ऑक्टोबर १८३० मध्ये कलकत्त्याच्या एका साहित्यविषयक पत्रात निनावी लेख लिहून त्याने या टोळ्यांच्या देशव्यापी पसाऱ्याकडे सरकारचे लक्ष वेधले. लॉर्ड बेंटिंक तेव्हा गव्हर्नर जनरल होता. सागर व नर्मदा प्रदेशातील त्याचा प्रतिनिधी फ्रान्सिस कर्वेन स्मिथ याचा भक्कम पाठिंबा स्लीमनला लाभला आणि मोहिमेला सरकारी बळ मिळाले.

या टप्प्यावर फिरंगिया नावाचा ठग जमादार त्याच्या हाती लागला. जन्माने ब्राह्मण, देखणा आणि बोलण्यात चतुर असलेल्या या माणसावर ५०० रुपयांचे इनाम होते. त्याला गाठण्यासाठी स्लीमनने त्याची आई, बायको आणि मूल यांना अटकेत ठेवले. ही गोष्ट आजच्या कायद्यात बसणारी नाही, आणि मोहिमेच्या गौरवकथांत तिचा उल्लेख सहसा घाईने उरकला जातो. कुटुंबापासून फार दूर जाणे फिरंगियाला जमेना. एका घरात तो सलग मुक्काम करीत नसे. तरीही त्याच्या नात्यागोत्याची माहिती असलेले साक्षीदार सोबत घेऊन निघालेल्या तुकडीने १८३० च्या अखेरीस त्याला पकडले.

जिवाच्या बदल्यात त्याने जे सांगितले ते इतके प्रचंड होते की स्लीमनचाही विश्वास बसेना. त्याने पुरावा मागितला. सागरच्या वाटेवर सलोहदा गावच्या आमराईत स्लीमनचा तंबू पडला होता. त्याची पत्नी अमेली बरोबर होती. येथेच, या तंबूच्या आसपास माणसे पुरलेली आहेत, असे फिरंगियाने सांगितले. कोणत्या जागी कोण आहे, हेही त्याने उकरण्याआधीच सांगितले. एका ठिकाणी एक पंडित व त्याचे सोबती होते, दुसरीकडे हवालदार व त्याच्याबरोबरचे शिपाई. माती बाजूला झाली तसे सांगाडे दिसू लागले. ज्या जमिनीवर आपण अंथरूण घातले तिच्याखाली काय होते, हे पाहण्याची वेळ त्या दांपत्यावर आली.

सलोहद्याच्या प्रसंगाला स्लीमनच्या कार्यपद्धतीत पायाभूत स्थान आहे. गुन्हेगाराचे बोलणे खरे मानायचे ते खणून पाहिल्यावरच, हा नियम तेथून पक्का झाला. प्रत्येक साक्षीदाराचा जबाब वेगळा घेतला जाई. ज्यांना एकमेकांशी बोलण्याची संधी मिळालेली नाही, अशा अनेकांनी तीच घटना, तीच जागा, तीच माणसे सांगितली तर तिला वजन येई. सोथाला जे ठाऊक ते लुघाला ठाऊक नसे, आणि लुघाने खणलेली जागा जमादाराला आठवेलच असे नाही. त्यामुळे हे तुकडे जुळविणे हीच मोठी कसोटी होती. त्यानंतर सराफांच्या पेढ्यांवरील हरवलेल्या रकमा, पलटणीतील बेपत्ता शिपाई आणि नातेवाइकांच्या जुन्या तक्रारी यांच्याशी जबाब ताडून पाहिले जात.

मिळालेली माहिती केवळ अधिकाऱ्याच्या डोक्यात राहू नये, यासाठी स्लीमनने ती कागदावर आणली. प्रत्येक टोळीच्या प्रत्येक फेरीची नोंद, तीत सामील असलेल्यांची नावे, त्यांची गावे, त्यांना आश्रय देणारे जमीनदार यांच्या याद्या तयार झाल्या. ठग घराण्यांच्या वंशावळी काढण्यात आल्या. हत्या झालेल्या जागा नकाशावर आल्या. ठगांच्या रामासी या सांकेतिक बोलीचा शब्दकोशही त्याने सिद्ध केला. तो १८३६ मध्ये कलकत्त्यात ‘रामासियाना’ या नावाने प्रसिद्ध झाला. वाटेवर दोन प्रवासी परस्परांत काय बोलत आहेत, हे आता शिपायाच्या सोबतच्या साक्षीदारालाच नव्हे, तर कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यालाही कळू शकत होते.

मग प्रत्यक्ष मोहीम. मोठी फौज गावावर चालून गेली की खबर तिच्या आधी पोहोचते, हा १८१२ चा अनुभव होता. म्हणून स्लीमनच्या तुकड्या लहान असत. त्यांत नजीब शिपाई असत आणि त्यांच्याबरोबर चेहरे ओळखणारे साक्षीदार असत. कोणाला पकडायचे याची नावानिशी यादी आधीच तयार असे. टोळ्या केव्हा वाटेवर असतात आणि केव्हा घरी परततात, हे ऋतुमान ठाऊक असल्याने वेळही निवडता येई. संस्थानी हद्दीत शिरण्यासाठी तेथील दरबार व रेसिडेंट यांच्याशी पत्रव्यवहार होई. माळवा, राजपुताना, अवध, हैदराबाद या भागांत नेमलेले अधिकारी एकमेकांना याद्या व जबाबांच्या प्रती पाठवीत. एका जिल्ह्यात निघालेले नाव शेकडो मैलांवर दुसऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचे. दंडशक्ती पूर्वीही होती. ती कोठे वापरायची, हे सांगणारी यंत्रणा प्रथमच उभी राहिली होती.

परिणाम दिसू लागले. १८२६ ते १८३५ या काळात १५६२ आरोपी खटल्यासाठी उभे करण्यात आले आणि त्यांपैकी १४०४ जणांना फाशी वा जन्मठेपेचे काळे पाणी झाले. १८३५ मध्ये स्लीमन या कामाचा मुख्य अधीक्षक झाला. १८३९ मध्ये ठगी व दरोडेखोरी निर्मूलनाचा आयुक्त म्हणून त्याची नेमणूक झाली. जबलपूरला माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू आणि गालिचे तयार होऊ लागले. रस्ते पूर्वीपेक्षा निर्धोक झाले, याबद्दल व्यापारी आणि यात्रेकरूंच्या मनात शंका उरली नाही.

तथापि याच आकड्यांमागे दुसरी बाजू दडलेली आहे. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या बोलण्यावर अवलंबून होता. अधिक नावे सांगणाऱ्याची उपयुक्तता अधिक, हे त्यालाही कळत होते. अवधमधील बेहराम या ठगाचे उदाहरण बोलके आहे. त्याने ९३१ खून केले, असे आजही सर्रास छापले जाते. वास्तविक हा आकडा त्याच्या टोळ्यांच्या एकूण हत्यांचा आहे. स्वतःच्या हाताने सुमारे १२५ जणांचे गळे आवळल्याचे त्याने लखनौच्या कॅप्टन पॅटनपुढे सांगितले होते. टोळीची संख्या माणसाच्या नावावर जमा झाली, आणि दोन शतके कोणी ती तपासली नाही. संस्थानांतूनही तक्रारी येत होत्या. साक्षीदारांना घेऊन फिरणारे शिपाई अटकेची भीती घालून पैसे उकळतात, असा आक्षेप ग्वाल्हेरच्या बाजूने घेतला गेला. स्लीमनने आपल्या पद्धतीचे जोरदार समर्थन केले, पण आक्षेप बिनबुडाचे नव्हते.

कायद्याने तर पारखण्याची गरजच कमी करून टाकली. १८३६ च्या ३० व्या अधिनियमानुसार एखादा माणूस कायद्यापूर्वी वा नंतर कधीही ठगांच्या टोळीत होता, एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप देता येऊ लागली. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक खून त्याने केला, हे दाखविण्याची आवश्यकता उरली नाही. ठग कोणाला म्हणावे, याची व्याख्याही त्या कायद्यात नव्हती. सलोहद्याच्या आमराईत माती उकरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती आता असा कायदा होता, ज्यात उकरण्याची गरज नव्हती. वंशावळीचा कागद संशयिताच्या शोधासाठी तयार झाला होता. तोच हळूहळू दोषाचा पुरावा ठरू लागला. स्टुअर्ट गॉर्डन, राधिका सिंघा, किम वॅग्नर आदी अलीकडच्या अभ्यासकांनी या बाजूकडे लक्ष वेधले आहे. टोळ्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. पोटाची सोय गेलेले सैनिक आणि शेतकरीही होते. ठगी हा एक धर्मपंथ आणि ठग ही एक जन्मजात जमात, हे चित्र त्यामानाने फारच सोपे आहे.

स्लीमनचे उत्तरायुष्य राजनैतिक कामात गेले. ग्वाल्हेरनंतर १८४९ मध्ये तो लखनौ दरबारात रेसिडेंट झाला. अवधभर दौरा करून तेथील अंदाधुंदीचा सविस्तर अहवाल त्याने तयार केला. नबाबाच्या कारभारावर त्याचे ताशेरे कठोर होते. मात्र त्या कारणास्तव राज्य खालसा करून त्याचा महसूल कंपनीने गिळंकृत करावा, याला त्याचा स्पष्ट विरोध होता. असे केल्यास देशी शिपायांच्या मनावर विपरीत परिणाम होईल, अशी भीती त्याला वाटत होती. लॉर्ड डलहौसीच्या सरकारने अहवालातील ताशेरे उचलले आणि सल्ला बाजूला ठेवला. माहिती देणारा एक, तिचा अर्थ लावणारा दुसरा, आणि अर्थ आधीच ठरलेला, असा तो प्रकार होता. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झाले. त्याच महिन्यात, १० तारखेला, प्रकृती ढासळल्याने मायदेशी निघालेल्या स्लीमनचा सिलोनजवळ जहाजावर मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी अवध बंडाने पेटून उठले.

त्याने उभारलेले ठगी व दरोडेखोरी खाते मात्र टिकून राहिले. १८८७ मध्ये त्याच खात्याच्या आधारे राजकीय माहिती जमविणारी मध्यवर्ती विशेष शाखा सुरू झाली. १९०४ मध्ये तिचे रूपांतर गुन्हे गुप्तवार्ता विभागात झाले. आजच्या इंटेलिजन्स ब्युरोची वंशावळ अशी जबलपूरच्या कचेरीपर्यंत जाऊन भिडते. भारतीय दंड संहितेतील ठगांविषयीची ३१० व ३११ ही कलमे तर १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता अमलात येईपर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती.

दुसरा वारसा अधिक वेदनादायक आहे. जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याच्या विचाराला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अधिकृत रूप दिले. त्याची मुळे अभ्यासकांनी ठगविरोधी मोहिमेत शोधली आहेत. स्लीमन तेव्हा हयात नव्हता, परंतु याद्या आणि वंशावळींची रीत त्याचीच होती. हा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, भामटे अशा जमातींच्या माणसांना हजेऱ्या द्याव्या लागल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड संसार मांडावे लागले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण गावात चोरी झाली की प्रथम यांच्याच पालांवर पोलीस येण्याची रीत त्यानंतरही सुरू राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने ती मराठी वाचकांसमोर आणली.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने इशारे मिळूनही ते हाताळण्याची सुसूत्र पद्धत पोलीस यंत्रणेत नव्हती, याकडे बोट दाखविले. खबर असणे आणि खबर उपयोगात येणे या दोन गोष्टींतले अंतर स्लीमनने नरसिंहपूरला अनुभवले होते, आणि पुढे परिश्रमाने ते कमीही केले होते. मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यात स्लीमनाबाद हे गाव आजही त्याचे नाव सांगते. कंदेली आणि मंडेसुरची नावे मात्र बहुतेकांना ठाऊक नाहीत. कचेरीच्या दारात काय चालले आहे हे आपल्याला कळले नाही, ही कबुली त्याने स्वतः लिहून ठेवली नसती, तर ती आज कोणालाच ठाऊक झाली नसती.